पुनर्विवाह नावाचा तालुका

न्हावरे,
७ नोव्हेंबर २०२४

चि. सुलक्षणा,

शनिवारी तू आलीस, पदर सावरत आत गेलीस, मी ओट्यावर बसून दोनदा खाकरलो आणि सासरा-सुनेचं आपलं बोलणं तिथंच संपलं. माइक हातात आला की सोडत नाही म्हणून ज्याला सारा शिरूर तालुका ओळखतो, त्याला स्वतःच्या अंगणात सुनेशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. ही रीत कुणी घातली मला माहीत नाही. पण ती मोडायला व्यासपीठावर लागतं त्याहून जास्त धैर्य लागतं असं दिसतं, आणि ते माझ्यापाशी नाही. म्हणून टपालानं बोलतो आहे.

काम आपल्या भीमाकाठ वधू-वर मंडळाचं आहे. वेबसाईट तू सांभाळतेस. तिच्यात मुलांचं एक पान, मुलींचं एक, मेळाव्याचं एक. आता जिचा नवरा गेला, जिला सासरच्यांनी टाकलं, ज्याची बायको वारली, ही माणसं कुठल्या पानावर? कुठल्याच नाही. काल शिरूरला कार्यकारिणीची बैठक झाली, तिथं मी उभा राहिलो. म्हणालो, ज्या घरात विधवा सुनेच्या हातची भाकरी चालते, पण हळदीच्या ताटाला तिचा हात चालत नाही, त्या घराला सुधारलेलं म्हणायला मी तयार नाही. गाड्या घेतल्या, बंगले बांधले, मुलं परदेशात धाडली. माणूस कुठं सुधारला ते दाखवा!

आपले अध्यक्ष शंकरराव पेरू खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हौसराव, बसा आता. घाला पान. पण सगळ्यात शेवटी घाला."

नाव 'पुनर्विवाह' ठेव. शंकरराव म्हणत होते, 'इतर' ठेवा. इतर! जितीजागती माणसं, आणि त्यांना इतर! ते मी हाणून पाडलं.

आमच्या सौ., तुझ्या आत्याबाई, म्हणतात, पुढच्या खेपेला दौंडच्या बाजारातून लसणाचं चांगलं बेणं आण. आण्णांना नमस्कार सांग.

आशीर्वाद,
हौसराव


दौंड,
१५ नोव्हेंबर

मामंजी, पाया पडते.

तुमचं पत्र आलं तेव्हा आण्णा दारातच होते. "सासऱ्याचं पत्र? सगळं बरं आहे ना?" म्हणाले. मंडळाचं काम आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. विधवा लेकीला सासरहून पत्र आलं की बापाच्या मनात आधी वाईटच येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

काम झालं आहे. तुम्हाला सगळं मुळापासून समजून घ्यायला आवडतं, म्हणून सांगते. वेबसाईटच्या दारात सर्व्हर म्हणून एक राखणदार बसलेला असतो. कुणी पत्ता सांगितला की तो आपल्याजवळच्या सूचना वरून खाली वाचत जातो. 'वधू' म्हटलं तर हे पान द्यायचं, 'वर' म्हटलं तर ते. अशा एकेका सूचनेला आम्ही रूट म्हणतो. पान कितीही सुंदर केलं, पण रूट घातला नाही, तर ते कुणाच्या हाती लागत नाही. हे सगळं ज्या मुलानं बांधलं तो सणसवाडीची नोकरी सोडून बंगळूरला गेला. त्याच्या कामाला मी फारसा हात लावत नाही. कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधला माझा वर्ग सुटल्यावर बसले आणि 'पुनर्विवाह' असा नवा रूट घातला. शंकररावांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यात शेवटी.

हळदीच्या ताटाचं तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बैठकीत बोललात ते बरं केलंत.

लसणाचं बेणं घेऊन ठेवलं आहे.

सुलक्षणा


न्हावरे,
२४ नोव्हेंबर

चि. सुलक्षणा,

माझं डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या मी गावोगाव वाटल्या. न्हावऱ्यात, पाबळच्या बाजारात, दूध संघाच्या गाडीवाल्यांच्या हातात. काल सकाळी अनसाबाई मोबाईल घेऊन ओट्यापाशी आली. तिची लेक नवऱ्यानं टाकलेली, हे तुला माहीत आहे. म्हणाली, "आबा, पुनर्विवाह तालुका कुठं हाय?"

मी म्हटलं, "काय?"

"ह्ये बघा की. लिव्हलंय, पुनर्विवाह तालुक्यात सध्या एकही स्थळ उपलब्ध नाही. माझ्या पोरीला ततं जावं लागंल व्हय?"

मी वाचलं. खरंच तसं लिहिलेलं होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला. मिळेल ती एसटी पकडून शिरूर गाठलं. शंकरराव पोहे खात होते. त्यांच्या अख्ख्या घरादारासमोर मी म्हणालो, "अध्यक्ष, गावकुसाबाहेर वस्त्या होत्या हे मी वाचलं होतं. तुम्ही तर दुःखी माणसांचा वेगळा तालुकाच काढलात! आणि वर चेष्टा करता की तिथं एकही स्थळ नाही!"

त्यांचा घास हातात राहिला. "हौसराव, मला माझ्या मोबाईलची टॉर्च बंद करता येत न्हाई. नातवंडं करत्यात. मी तुमचं पान कशाला बिघडवू?"

माझा विश्वास बसला नाही. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे. पान कुणी बदललं ते तू मला सांग, नावासकट सांग. पुढचं मी बघतो.

हौसराव


दौंड,
२७ नोव्हेंबर

मामंजी,

आधी तो राजीनामा खिशातून काढा आणि चुलीत घाला. पान कुणी बदललेलं नाही. चूक माझी आहे.

सर्व्हर सूचना वरून खाली वाचतो हे मी लिहिलं होतं. त्यातली अगदी खालची सूचना तालुक्याची आहे. 'शिरूर' टाकलं की शिरूरची स्थळं, 'दौंड' टाकलं की दौंडची. पण त्या मुलानं तालुक्यांची नावं एकेक करून लिहिली नव्हती. त्यानं राखणदाराला सांगून ठेवलं होतं, वरच्या कशातच बसलं नाही, तर जे येईल त्याला तालुका समज. मी आपला रूट त्याच्याही खाली घातला. तिथपर्यंत तो राखणदार कधी पोचतच नाही. 'पुनर्विवाह' ऐकलं, हा कुठला तरी तालुका असेल म्हणाला, शोधलं, स्थळ सापडलं नाही, तसं सांगून मोकळा झाला. त्याच्या बाजूनं तो प्रामाणिकच वागला.

शंकरराव शेवटी म्हणाले म्हणजे पानांच्या रांगेत शेवटी. मी ते सर्व्हरच्या सूचनांतही पाळलं. वडीलधारं माणूस शेवटी म्हणालं की हात आपोआप तळाशी जातो. दोन वर्षं वर्गात मुलींना शिकवते आहे की समजल्याशिवाय काही करू नका, आणि स्वतः हे केलं.

आता तो रूट तालुक्याच्या वर नेला, सर्व्हर बंद करून परत चालू केला, आण्णांच्या मोबाईलवर तपासला. पान उघडतं. अनसाबाईंना मी स्वतः फोन केला.

शंकररावांची माफी मागाल ना? आणि माफी मागताना भाषण नको. चहा देतील तो प्या आणि या.

सुलक्षणा


न्हावरे,
८ डिसेंबर

चि. सुलक्षणा,

माफी मागितली. शंकररावांनी चहा दिला, वर म्हणाले, "हौसराव, त्या तालुक्याचा आमदार तुम्हीच व्हा. उभं राहायला दुसरं कुणी तयार न्हाई." मी हसलो. हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पान आता जोरात चाललं आहे. पाटसहून नाव आलं, पाबळहून आलं, कुरकुंभच्या एका शिक्षकाचं आलं. पुण्याच्या वर्तमानपत्रानं चौकट छापली. १९ जानेवारीला शिरूरला मेळावा आहे. त्यात या लोकांसाठी स्वतंत्र सत्र ठेवायला मी कार्यकारिणीला भाग पाडलं. स्वतंत्र सत्र, सुलक्षणा! मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा. प्रास्ताविक मी करणार.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. चार दिवस पेन उचलतो आणि ठेवतो आहे.

मी ते पान रोज उघडतो. नावं वाचतो. तुझं नाव दिसत नाही.

दत्ता गेला तेव्हा तू एकोणतीस वर्षांची होतीस. आम्ही तुला माहेरी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. तू दौंडला नोकरी धरलीस आणि शनिवारी न्हावऱ्याला येत राहिलीस. तुझी पिशवी खुंटीला दिसली की आत्याबाईंचा आवाज बदलतो. तू कायमची गेलीस तर शनिवारी आम्ही दोघं काय करणार, हे मला खरंच माहीत नाही. पण आम्हाला शनिवार हवा म्हणून तुझं सगळं आयुष्य अडवून धरायचं, हे मला माणुसकीला धरून वाटत नाही. जे मी चावडीवर ओरडून सांगतो ते माझ्या घराला लागू नसेल, तर मी नुसता आवाज आहे.

नाव घालशील? आत्याबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही.

हौसराव


दौंड,
२ जानेवारी २०२५

मामंजी,

उत्तराला उशीर झाला. शनिवारी येऊ शकले नाही. इन्स्टिट्यूटच्या परीक्षा होत्या.

त्या पानावर माझं नाव येणार नाही.

मेळाव्याला लॅपटॉपवर मी बसेन. परिचयाच्या स्लाइड तयार आहेत.

सुलक्षणा


न्हावरे,
१० जानेवारी

चि. सुलक्षणा,

तुझं पत्र एवढंसं होतं. उलटं करून पाहिलं, मागं काही लिहिलं आहे का. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच संपल्या हे मला अनसाबाईच्या मुलाकडच्या नातीकडून कळलं. ती तुझ्याच वर्गात आहे.

मला कळलं ते असं. तुझ्या मनात दत्ताच आहे. मी त्याचा बाप, त्याच्या जागी दुसरं माणूस शोध असं तुला मीच लिहिलं. हे वाचून तुझ्या काळजाला काय झालं असेल! हा विषय मी परत काढणार नाही. तू सून म्हणून ये, लेक म्हणून ये, कशीही ये, पण शनिवार चुकवू नकोस.

घरात मला आता कुणी विचारत नाही. आत्याबाईंना कळलं. तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचत होतो, तोंडावरून त्यांनी ओळखलं आणि सगळं काढून घेतलं. कांदे निवडत होत्या. हातातला कांदा टाकून म्हणाल्या, "पोरीला असं कागदावर ईचारत्यात व्हय? बैल दाखवायचा हाय का बाजारात?"

मी म्हटलं, समोर बोलायची रीत नाही.

"मग मला सांगायचं हुतं! माझी हाय की रीत! मी बोलले आसते तिच्याशी भाकरी थापता थापता. पर तुमी समद्या दुनियेचं कल्याण एकट्यानंच करायला निघालेला. माझा ल्योक ग्येला, आता सून जायाची, आन् मला कळायचं वर्तमानपत्रात!"

मग रडल्या. मी कांदे निवडायला घेतले, तर म्हणाल्या, तेही तुम्हाला नीट येत नाही.

हौसराव


दौंड,
२१ जानेवारी

मामंजी, पाया पडते.

आज मोठं पत्र लिहिते आहे. बसून वाचा, आणि आत्याबाईंनाही वाचून दाखवा.

तुमचं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, मी जड झाले. चांगल्या शब्दांत सांगून मला दार दाखवताहेत. आठ दिवस मी तसंच धरून बसले, म्हणून शनिवारी आले नाही. परीक्षेचं खोटं सांगितलं. मग एकदा शांतपणे वाचलं तेव्हा शनिवारचं ते वाक्य दिसलं. पहिल्या वेळी मी ते वाचलंच नव्हतं.

पण नकार मी रागानं दिला नव्हता. तुम्ही समजलात तसा ह्यांच्यासाठीही नव्हता. हे माझ्या मनात आहेत, ते कुठं जाणार नाहीत. कुणी आलं म्हणून त्यांची जागा रिकामी होत नाही. मी लिहिलं होतं, त्या पानावर नाव येणार नाही. लग्न करायचं नाही असं लिहिलं नव्हतं. का लिहिलं ते तेव्हा मला सांगता येत नव्हतं. रविवारी मेळाव्यात सांगता यायला लागलं.

मी सकाळपासून स्टेजच्या कडेला लॅपटॉपवर होते, तिथून सगळं सभागृह दिसतं. सकाळच्या सत्रात आया खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. परिचय पुस्तिकेत पेननं खुणा करत होत्या, पोरगी स्टेजवर आली की चष्मा चढवत होत्या. मागून कुणीतरी ओरडून विचारत होतं, ड्रायव्हिंग येतं का, शेती किती, भाऊ काय करतो. मग जेवणं झाली. मग तुमचं स्वतंत्र सत्र.

मामंजी, तुम्ही बोलत होता तेव्हा तुमचं तोंड लोकांकडं होतं, पण तुम्ही लोक बघत नव्हता. मी बघत होते. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. केटररची माणसं मागं टेबलं ओढत होती. माइकवाला एक वायर गुंडाळायला लागला होता. तुमच्या बोलण्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. राहिलेल्या माणसांनी टाळ्या जोरात वाजवल्या. त्यानंतर अनसाबाईंची मुलगी स्टेजवर आली. तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, तेवढ्यात पाण्याचे जार खाली पडले आणि सगळ्यांनी तिकडं बघितलं. ती थांबली. "माझं एवढंच" म्हणाली आणि उतरली. तिला कुणी काही विचारलं नाही. शेती किती, हेसुद्धा नाही. ती नवी कोरी साडी नेसून आली होती.

तुम्हाला राग येईल, तरी लिहिते. तुम्ही आम्हाला दार दिलंत, पण मागच्या बाजूला दिलंत. पान वेगळं, सत्र वेगळं, जेवणानंतर. ज्या मुलाची आई सकाळी चष्मा चढवून बघत होती ती त्या वेगळ्या पानावर कधी जाणारच नाही, कारण तिथं तिचं काही काम आहे असं तिला वाटणारच नाही. तिथं फक्त आम्हीच एकमेकांना बघत बसणार. तुम्हाला सभा जिंकायची सवय आहे. मला सभा नको. मला त्या आईनं माझ्या नावापुढंही पेननं खूण करावी असं वाटतं, किंवा वाचून, विचार करून पान उलटावं. पण वाचावं तरी.

मी बत्तीस वर्षांची आहे. संध्याकाळी घरी गेल्यावर मला कुणीतरी भांडायला हवं आहे. आण्णांशी भांडता येत नाही, ते लगेच ऐकतात.

माझं म्हणणं असं. वेगळं पान काढून टाकू. सगळी नावं मुख्य यादीत घेऊ, ज्या तारखेला नोंदलं त्या क्रमानं, कुणाला वर नाही, कुणाला खाली नाही. लपवायचं काही नाही. पहिलं लग्न झालेलं, नवरा वारला की सोडचिठ्ठी, ते जिच्या तिच्या माहितीत स्वच्छ लिहू. आणि तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून वाटलेला पत्ता मरू द्यायचा नाही. पाबळपासून पाटसपर्यंत तो कुणाकुणाच्या कपाटात असेल. तो रूट राहील, फक्त काम बदलेल. त्या पत्त्यावर जो येईल त्याला सर्व्हर थेट मुख्य यादीत नेऊन सोडेल.

कार्यकारिणीला हे मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगाल का, हे तुमच्यावर सोडते. ते पान तुमचं आहे.

सुलक्षणा


न्हावरे,
१ फेब्रुवारी

चि. सुलक्षणा,

तुझं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. जारचा भाग आला तेव्हा मी थांबलो. तो आवाज मी ऐकलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "वाचा की पुढं." शेवटपर्यंत ऐकल्यावर म्हणाल्या, "आता सांगा. तुमाला टाळ्या पायजेत का पोरीला घर पायजे?" मी उठून मळ्यात गेलो. दिवसभर उसाला पाणी धरत राहिलो. खरं सांगतो, ते पान मोडायचं म्हणजे मला माझाच हात मोडल्यासारखं वाटत होतं. वर्तमानपत्राची चौकट मी कापून ठेवली आहे.

पण तू लिहिलंस त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. आयुष्यभर समोरच्याचं म्हणणं खोडत आलो आहे, त्यामुळे हे मला लगेच कळलं.

काल बैठक झाली. मी उठलो आणि म्हणालो, पान काढा, नावं मुख्य यादीत घ्या.

शंकरराव म्हणाले, "आधी घाला म्हणून भांडलात, आता काढा म्हणून भांडताय. भांडण तेवढं कायम ठेवलंत." मग एकजण उठला. चांगल्या घरची माणसं बिथरतील, म्हणाला. दुसरा म्हणाला, यादीत असं मिसळलं तर पोरांच्या आया साईटच उघडणार नाहीत. माझ्या जिभेवर भाषण आलं होतं. गिळलं. एवढंच म्हणालो, ज्यांच्या घरात, भावकीत, सख्ख्या नात्यात अशी एक तरी पोर आहे त्यांनी हात वर करा. आणि माझा वर केला.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग शंकररावांनी हात वर केला. म्हणाले, "माझी धाकटी बहीण. तरणी हुती तवा पांढऱ्या कपाळानं आली, आता केस पांढरे झाले. आम्ही तिला कवा ईचारलंच न्हाई." त्यानंतर एकेक हात वर गेला. बिथरतील म्हणणाऱ्याचासुद्धा. ठराव मंजूर. एवढी छोटी बैठक मंडळाची कधी झाली नव्हती.

तेव्हा आता कर तुझ्या मनासारखं. आणि नाव घालणार असशील तर एक विनंती. फॉर्मवर पालक म्हणून नाव आणि फोन द्यावा लागतो. तुझे आण्णा थकलेत, भिडस्त आहेत, समोरचा जरा चढ्या आवाजात बोलला की गप्प होतील. माझं नाव दे. नात्याच्या जागी 'वडील' लिही. सासरा म्हणून वाचलं की लोक बिचकतील, फोनच करणार नाहीत. माझी हरकत नाही, आण्णांचीही नसावी. विचारून घे.

आत्याबाईंनी निरोप सांगितला आहे, फोटो काढताना ती चॉकलेटी साडी नेसू नको, वय दिसतं. मोरपंखी नेस.

हौसराव


दौंड,
९ फेब्रुवारी

मामंजी, आत्याबाई, दोघांच्या पाया पडते.

काम काल पूर्ण झालं. सगळी नावं मुख्य यादीत आली. जुना पत्ता आण्णांच्या मोबाईलवर टाकून बघितला, तो क्षणभर थांबतो आणि यादीत नेऊन पोचवतो. अनसाबाईंच्या मुलीचं नाव आता कासारीच्या एका इंजिनियर मुलीच्या आणि वडगाव रासाईच्या एका नर्सच्या मध्ये आहे. आज सकाळी तिला एक फोन येऊन गेला. शेती किती, हेच विचारलं. ती मला सांगताना हसत होती.

माझंही नाव घातलं. मोरपंखी साडीतला फोटो आहे. माहितीत ह्यांचं नाव आहे, कधी गेले ते आहे, आणि पाच वर्षांचा संसार सुखाचा झाला हेही लिहिलं आहे. ते वाचून ज्याला पुढं यावंसं वाटेल तोच यावा.

पालक म्हणून तुमचं नाव आणि तुमचा फोन दिला. आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्यापेक्षा ते बरं बोलतात. पण पोरगी मीच देणार, हे त्यांना सांग." सांगितलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही म्हणालात तशी केली नाही. नात्याच्या जागी निवडायला वडील, भाऊ, मामा, चुलते एवढेच शब्द होते. 'वडील' मी निवडलं नाही. वडील मला आहेत, शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसलेत. तुम्हाला वडील म्हणायचं तर आधी मधून ह्यांना काढावं लागतं, आणि तुम्ही मला ह्यांच्यामुळंच मिळालात. म्हणून त्या शब्दांत 'सासरे' असा एक नवा घातला आणि तो निवडला. ज्याला बिचकायचं त्यानं बिचकावं. सासरा स्वतः सुनेचं स्थळ बघतो आहे, हे ज्या घराला कळत नाही, त्या घरी मला जायचं नाही.

फोन येतील. मोबाईल चार्ज करून ठेवा, गोठ्यात नेऊ नका, आणि समोरच्याला भाषण देऊ नका. पहिला फोन आला की मला कळवायची घाई करू नका. आधी आत्याबाईंना सांगा.

शनिवारी येते आहे. या वेळी ओट्यावर खाकरू नका. मी आधी तुमच्यापाशी येऊन बसेन, मग आत जाईन.

तुमची सून,
सुलक्षणा